पुस्तिकेचा फेरफार

पारमार्थिक विषयावरची एखादी लहानशी पुस्तिका हाती आली, तर तिचे कुलशील विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. ती देव्हाऱ्यापाशी ठेवावी, सवडीने वाचावी आणि शिवण उसवली की दुसरी आणावी, एवढाच तिच्याशी आपला व्यवहार. मलाही तो पुरेसा वाटत असे. परंतु रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका गठ्ठ्यात रमण महर्षींच्या ‘मी कोण?’ या पुस्तिकेच्या दोन इंग्रजी प्रती निघाल्या, आणि त्या शेजारी शेजारी उघडून ठेवताच माझे स्वास्थ्य गेले. एकीत 28 प्रश्न व तितकीच उत्तरे होती. दुसरीत प्रश्नांचा मागमूस नसून तोच आशय सलग निबंधाच्या रूपाने वाहत होता. नाव एक, कर्ता एक आणि अंगे मात्र दोन!

सातबाऱ्यावर आज कोणाचे नाव आहे एवढे पाहून जमिनीची हकीकत कळत नाही, त्यासाठी एकेक फेरफार उलगडत मागे जावे लागते. पुस्तिकेच्या बाबतीतही रीत तीच. म्हणून मजकूर बाजूस सारून मी प्रथम, ज्या जागांकडे भाविक वाचक ढुंकूनही पाहत नाही, त्या वाचू लागलो: मुखपृष्ठाची पाठ, आवृत्तीचा अंक, मुद्रणालयाचे नाव, प्रस्तावनेखालची मिती. मग वहीत दोन रकाने आखून डावीकडे प्रश्नोत्तरे व उजवीकडे निबंधाचे परिच्छेद मांडले, आणि पेन्सिलीने त्यांचा मेळ घालू लागलो. काही ठिकाणी मेळ तत्काळ बसे. काही ठिकाणी एकाच उत्तराचा भाग निबंधात दूरच्या परिच्छेदात जाऊन बसलेला सापडे. मूळ ग्रंथ तमिळ, त्याचे नाव ‘नान् यार्?’, तेव्हा माटुंग्याच्या एका तमिळ गृहस्थांना शरण गेलो. ते एकेक वाक्य सावकाश वाचीत, अर्थ सांगत, आणि मी रकान्यात खूण करी. असे चार रविवार गेले.

या खटाटोपातून जो पूर्वेतिहास उभा राहिला, त्याच्या मुळाशी, योगायोग असा की, एक महसुली नोकरच निघाला. शिवप्रकाशम् पिळ्ळै हे तत्त्वज्ञानाचे पदवीधर दक्षिण अर्काट जिल्ह्याच्या कलेक्टर कचेरीत, महसूल खात्यात होते. सरकारी कामासाठी 1902 मध्ये ते तिरुवण्णामलै येथे आले असता अरुणाचल डोंगरावरील विरूपाक्ष गुहेत त्यांना अवघ्या 22 वर्षांचे रमण भेटले. रमण तेव्हा बोलत नसत. त्यांनी मौनाचे व्रत घेतले होते असे नव्हे, बोलण्याची इच्छाच त्यांना उरली नव्हती. पिळ्ळैंच्या प्रश्नांना ते खुणांनी, आणि खूण न उमगल्यास लिहून उत्तर देत. पिळ्ळैंनी ही प्रश्नोत्तरे टिपून ठेवली, आणि तब्बल 21 वर्षांनी, 1923 मध्ये, रमणांच्या कृपेने आपल्यावरचे संकट कसे टळले हे सांगणाऱ्या स्वतःच्या पद्यांसह ती छापली. तेव्हा प्रश्न 14 होते. पुढे कोणत्या आवृत्तीत ते 30 झाले, कोणत्या आवृत्तीत 28. निबंधाचे रूप मात्र दुसऱ्या कोणा संपादकाचे नव्हे. प्रश्न गाळून, क्रम लावून, ते स्वतः रमणांनीच लिहिले.

माझी पेन्सिल सर्वांत अधिक काळ थांबली ती पहिल्याच उत्तरापाशी. मी म्हणजे देह नव्हे, इंद्रिये नव्हेत, प्राण नव्हे, मन नव्हे, अशी एक लांबलचक यादी तेथे आहे, आणि रमणांच्या इतर मितभाषी उत्तरांशेजारी ती एखाद्या शास्त्री-पंडिताने पाठ म्हणावी तशी वाटते. महर्षींच्या निकटवर्तीयांच्या सांगण्यावरून तिचे कारण कळते. आपण हे सांगितलेच नव्हते, हे येथे कसे आले, असे स्वतः रमणांनी विचारले होते. तेव्हा मूळचे संक्षिप्त उत्तर स्वतःला नीट उमगावे म्हणून वेदान्ताच्या परिभाषेशी परिचित असलेल्या पिळ्ळैंनी ती भर घातली होती, असा उलगडा झाला. आणि तरीही, पुढे निबंध लिहिताना रमणांनी ती यादी खोडली नाही.

महसुली दप्तरात परक्याची वहिवाट वर्षानुवर्षे बिनहरकत चालू राहिली म्हणजे तिला हक्काचे रूप येते, हे आपण जाणतो. इतरांच्या जमिनींच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यातल्या या माणसाने आपल्या नावाने काहीच मागितले नाही; पण समजून घेण्याच्या धडपडीत त्याच्या हातून उतरलेल्या त्या ओळी मूळ धन्याने डोळ्यांदेखत राहू दिल्या. ‘मी’ म्हणजे कोण, हेच जी पुस्तिका पुसते, तिच्यात कोणते वाक्य कोणाचे, यावर हरकत घेण्याचे तिच्या कर्त्याला प्रयोजन वाटले नसावे.

चौथ्या रविवारी मी वहीतल्या ‘कर्ता’ या रकान्यात महर्षींचे नाव लिहिले, त्याखाली, जरा बारीक अक्षरात, पिळ्ळैंचे. आणि दोन्ही प्रती बुकबाइंडरकडे नेऊन एकाच पुठ्ठ्यात शिवून घेतल्या.