कच्च्या छायाचित्राचे मुद्रण

वेळचेरी–तांबरम रस्त्यालगत नन्मंगलमचे राखीव वन आहे. तेथील सोडून दिलेल्या दगडखाणींत शृंगी घुबड आढळते. सांजवेळी खडकाच्या आडोशाला टिपलेल्या या तपकिरी पक्ष्याची पिसे, कॅमेऱ्याने लगोलग सिद्ध केलेल्या जेपेग चित्रात, सावलीत बुडून जाण्याचा संभव असतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्याच उरतात. 14 बिटांच्या कच्च्या, अर्थात ‘रॉ’, फाईलमध्ये त्या 16,384 असतात.

ही फाईल म्हणजे अद्याप चित्र नव्हेच. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी वा निळी अशी एकच गाळणी बसविलेली असते. उरलेले दोन रंग संगणक शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांना या योजनेचे पेटंट 1976 साली मिळाले. तीत निम्मे बिंदू हिरव्याचे. कारण मानवी डोळा हिरव्या प्रकाशाला अधिक संवेदनशील आहे.

यानंतर शुभ्रतेचा तोल साधावा, सावल्या बेताने उजळाव्यात (फार उजळल्यास घुबड रंगविल्यासारखे दिसते!) आणि चित्र 16 बिटांच्या टिफ फाईलमध्ये साठवावे. सायन, मॅजेंटा, पिवळी व काळी या चार शायांत त्याचे रूपांतर अगदी शेवटी, कागद ठरल्यावरच, करणे इष्ट. कारण वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते व उजळलेली सावलीही पुन्हा काळवंडते. मासिकासाठी इंचाला 300 बिंदू धरले, तर 6000 बिंदूंचे चित्र 20 इंच रुंद छापता येते. मूळ रॉ फाईल मात्र जपून ठेवावी. टिफवरून ती पुन्हा घडविता येत नाही.