छावणीतील किशोरवय

संकल्पना

आई-वडिलांच्या नोकरीमुळे परक्या देशात वाढलेल्या मुलांना समाजशास्त्रात 'तिसऱ्या संस्कृतीतील मुले' म्हणतात. पहिली संस्कृती घरची, दुसरी यजमान देशाची, आणि तिसरी या दोहोंच्या मध्ये परदेशस्थ कुटुंबांनी आपसांत उभी केलेली. ही संकल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी मांडली. तिच्या मुळाशी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकनांचा त्यांनी केलेला अभ्यास होता. लष्करी कुटुंबांतील मुले हा या गटातील एक मोठा वर्ग.

घडण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य जर्मनी व जपानमध्ये राहिले आणि १९४६पासून सैनिकांच्या मुलांसाठी तेथे शाळा सुरू झाल्या. दुकान, दवाखाना, चित्रपटगृह हेही छावणीतच असे. त्यामुळे परदेश कुंपणापलीकडे दिसे, पण अंगवळणी पडत नसे. वडिलांचा हुद्दा राहत्या घरावरूनही ओळखता येई, आणि मुलाच्या वर्तनाचा जाब वडिलांना द्यावा लागण्याची शक्यता असे. दोन-तीन वर्षांनी बदली होई. मुलाला घडवणारा मुख्य घटक परदेश नसून ही बंदिस्त वसाहत व वारंवारची बदली होय, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

उत्तरायुष्यातील खुणा

अशी व्यक्ती अनोळखी लोकांत लवकर मिसळते, वेगवेगळे उच्चार व रीतिभाती चटकन उचलते. मात्र 'मूळचे कुठले?' या साध्या प्रश्नाचे उत्तर तिला लांबवावे लागते. काहींना दर काही वर्षांनी घर किंवा नोकरी बदलावीशी वाटते; काही जण याउलट एकाच घराला हट्टाने धरून राहतात. प्रत्येक बदलीत मित्र, शाळा, कधी पाळीव कुत्राही मागे राहतो, आणि त्याचे दुःख करायला सवड मिळण्याआधी नव्या शाळेचा पहिला दिवस उजाडतो. हे साचलेले दुःख प्रौढपणी नात्यांत डोके वर काढते: दुरावा येण्याआधी आपणच दूर व्हावे, ही सवय त्यातूनच जडते. किशोरवयातील बंडखोरीही कधीकधी लांबणीवर पडते आणि पुढे तिशीत प्रकट होते.

महाराष्ट्रातील चित्र

भारतीय लष्कराची प्रशिक्षण तुकडी १९६०च्या दशकाच्या आरंभापासून भूतानमधील 'हा' या ठिकाणी आहे, परंतु कुटुंबासह परदेशातील नेमणूक एकंदरीत विरळाच. साताऱ्यातील अपशिंगे (मिलिटरी) यांसारख्या गावांत मूल गावी आणि वडील सीमेवर, हीच जुनी रीत. येथे मुलाची जागा कायम राहते, वडील मात्र सुटीपुरते भेटतात. परिणामांची तुलना करताना हा भेद विसरून चालत नाही. छावणीचा लाभही मोठा असू शकतो. डॉ. आंबेडकरांचा जन्म १८९१मध्ये महूच्या लष्करी छावणीत झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. ज्या समाजाला गावातील शाळेचे दार बंद होते, त्याच्या घरात शिक्षण शिरले ते सैन्याच्या वाटेने.

तारापूरची वसाहत

लष्कराबाहेर या जीवनाचा जवळचा नमुना पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या कर्मचारी वसाहतीत सापडतो. तारापूर अणुवीज केंद्राची पहिली दोन संयंत्रे अमेरिकन जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या तंत्रज्ञानावर उभारली गेली व १९६९मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी अणुऊर्जा शिक्षण संस्था स्थापन झाली. तिच्या शाळा तारापूरप्रमाणेच रावतभाटा व कल्पाक्कम येथेही आहेत. त्यामुळे राजस्थानातील रावतभाट्याहून बदलून आलेल्या मुलाचा अभ्यासक्रम बदलत नाही. बदलते ती हवा व कुंपणाबाहेरची भाषा. लष्कराच्या मानाने मुक्काम येथे लांबतो, म्हणून अस्थैर्य सौम्य. वसाहतीचे बंदिस्तपण मात्र त्याच जातीचे.

दांडीचे किशोरवय

तारापूरच्याच किनाऱ्यावरील दांडी हे मच्छीमारांचे गाव. येथील मुलाला मोठ्या भरतीचे उधाण आणि लहान भरतीचा भांग यांतील फरक पुस्तकातून शिकावा लागत नाही, आणि 'कुठले?' याचे उत्तर एका शब्दात देता येते. तरीही स्थैर्य अबाधित राहत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने नवापूर-दांडी खाडीतील मासेमारीला फटका बसला. हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. बदली न होताही आधार सुटतो तो असा. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवण्यात आली, तेथील मुलांनी तर गावच गमावले. छावणीतील मुलाला मिळणारी तयार शाळा व सवंगड्यांची साखळी अशा विस्थापनात आपोआप मिळत नाही.

मर्यादा

तिसऱ्या संस्कृतीविषयीचे बरेचसे लेखन अमेरिकन अधिकारी, राजनैतिक व मिशनरी कुटुंबांवर आधारलेले आहे. त्यांचे शिक्षण व उत्पन्न मुळातच सरासरीहून अधिक असल्याने मुलांच्या यशाचे श्रेय केवळ स्थलांतराला देता येत नाही. बदलीच्या वेळचे वय, भावंडांची सोबत, आई-वडिलांचे परस्परसंबंध यांनीही परिणाम बदलतो. म्हणून तारापूरच्या वसाहतीतील किशोरवयाचा अभ्यास करायचा असेल, तर दांडी व पोफरणची मुले त्यात असायला हवीत. केवळ कुंपणाच्या आतली मुले पाहून काढलेला निष्कर्ष अपुराच ठरेल.