एसएमएसने मिळालेला किताब आणि पुढची वीस वर्षे

नवीन जालना : दूरचित्रवाणीवरील गायन स्पर्धा जिंकली की आयुष्याचे सोने झाले, असा समज आपल्याकडे आजही पक्का आहे. हा समज रूढ करणारी रात्र होती ५ मार्च २००५ ची. त्या रात्री 'इंडियन आयडॉल'च्या पहिल्या पर्वाचा निकाल लागला आणि मुंबईचा अभिजीत सावंत हा मराठी तरुण घराघरांत पोहोचला. अमित साना दुसरा, तर राहुल वैद्य तिसरा आला. पुढे 'अभिजीतचे काय झाले?' हा प्रश्न अनेक वर्षे काहीशा कुत्सितपणे विचारला गेला. त्याचे उत्तर त्याच्या गळ्यात शोधण्यापेक्षा स्पर्धेच्या रचनेत आणि त्या वेळच्या बाजारात शोधणे अधिक न्याय्य ठरेल.

सुरुवात उत्तमच झाली होती. त्याच वर्षी 'आपका अभिजीत सावंत' हा अल्बम आला आणि त्यातील 'मोहब्बतें लुटाऊंगा' हे गीत गाजले. 'आशिक बनाया आपने' या चित्रपटात पार्श्वगायनाची संधीही मिळाली. २००७ मध्ये 'जुनून' हा दुसरा अल्बम आला, मात्र पहिल्याइतका गाजावाजा त्याच्या वाट्याला आला नाही. तिसऱ्या अल्बमसाठी, म्हणजे 'फरीदा'साठी, २०१३ साल उजाडावे लागले.

मुळात अभिजीतला जे सिंहासन मिळाले, त्याखालचे राज्यच त्या वेळी विरत चालले होते. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'ने चित्रपटबाह्य पॉप संगीताला मोठी बाजारपेठ मिळवून दिली. लकी अली, शान यांच्यासारखे गायक त्याच लाटेवर मोठे झाले. परंतु २००५ पर्यंत संगीत वाहिन्यांचा वेळ चित्रपटगीतांच्या झलकांनी व्यापला होता आणि कॅसेट-सीडीच्या विक्रीला एमपीथ्रीने सुरुंग लावला होता. नवा पॉप गायक घडवण्यासाठी लागणारा पैसा आणि धीर कंपन्यांकडे उरला नव्हता.

दुसरे कारण मतदानाचे. एकाच मोबाईलवरून कितीही एसएमएस पाठवता येत, आणि ते पाठवणारा माणूस गाण्याइतकाच गाणाऱ्याच्या साधेपणावर, घरच्या परिस्थितीवर, भाषेवर आणि प्रांतावर लोभ करीत असे. असा लोभ खोटा नसतो, पण तो सीडीच्या दुकानापर्यंत जाईलच असेही नसते. शिवाय स्पर्धक आठवड्यामागून आठवडे गातो ती गाणी किशोरकुमार, रफी यांची. स्वतःचे गाणे म्हणून लोकांनी गुणगुणावे असे त्याच्याजवळ किताबाच्या दिवशी एकही नसते. आणि पर्व संपताच वाहिनी नव्या चेहऱ्यांकडे वळते. तिचा तो धंदाच आहे.

म्हणूनच की काय, स्पर्धेतून आलेला गायक पुन्हा स्पर्धेकडेच वळतो. अभिजीत डिसेंबर २००७ मध्ये जकार्ता येथे 'एशियन आयडॉल'मध्ये उतरला. तेथे सिंगापूरचा हॅडी मिर्झा विजयी ठरला. २००८ मधील 'जो जीता वही सुपरस्टार' ही स्पर्धा तर जुन्या स्पर्धकांचीच होती आणि ती राहुल वैद्यने जिंकली. त्यानंतर पत्नीसह 'नच बलिये', पुढे 'इंडियन आयडॉल'च्याच पाचव्या पर्वाचे सूत्रसंचालन आणि २००९ मध्ये 'लॉटरी' चित्रपटात अभिनय, असा अभिजीतचा प्रवास झाला. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वात तो उपविजेता ठरला. त्या घरात त्याला पाहणाऱ्या कित्येक तरुणांचा पहिल्या 'आयडॉल'च्या वेळी जन्मही झाला नव्हता.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरणही बोलके आहे. लातूरचा रोहित राऊत २००९ मध्ये 'लिटल चॅम्प्स'च्या महाअंतिम फेरीत होता. ती स्पर्धा कार्तिकी गायकवाडने जिंकली. पुढे मराठीत गायक म्हणून नाव झाल्यावरही तो हिंदी 'इंडियन आयडॉल'च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. याला मागे जाणे म्हणता येणार नाही. हिंदी श्रोत्यांपर्यंत जाण्याचा दुसरा रस्ता त्याच्यासारख्यांना सहसा सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याउलट अरिजित सिंह २००५ च्या 'फेम गुरुकुल'मधून अंतिम फेरीआधीच बाहेर पडला. नंतरची काही वर्षे त्याने संगीतकारांच्या हाताखाली ध्वनिमुद्रण आणि संगीतसंयोजनाच्या कामात घालवली. 'आशिकी २' आला तो २०१३ मध्ये. वैशाली माडे हिने २००९ मध्ये हिंदी 'सारेगमप' जिंकले, आणि 'बाजीराव मस्तानी'तील 'पिंगा' तिच्या वाट्याला आले ते २०१५ मध्ये.

जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला चाचणीसाठी निघणाऱ्या मुलामुलींच्या आईवडिलांनी निवड झाल्यास कोणता प्रश्न आधी विचारावा? बक्षीस किती, हा नव्हे. करार किती वर्षांचा, त्या काळात बाहेर गाण्याची मोकळीक आहे का आणि स्वतःच्या गाण्यांवर हक्क कोणाचा, हे सही करण्यापूर्वी जाणकार वकिलाकडून समजून घ्यावे.