लेखांक ६ : मूल नेमके कुठे अडते?

५२ मधून ३८ वजा करायचे आहेत. एका मुलीने २६ लिहिले, दुसरीने २४, तिसऱ्या मुलाने १५. उत्तर १४ आहे, म्हणून तिघांनाही शून्य गुण.

जरा थांबून या तीन उत्तरांकडे बघू या. पहिलीने ‘दोनातून आठ जात नाहीत’ म्हणून सरळ आठातून दोन वजा केले. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा तिचा नियम आहे आणि तो ती प्रत्येक वजाबाकीत इमानेइतबारे पाळते. दुसरीने दशक मोडून बारातून आठ वजा केले, चार लिहिले. पण पाच दशकांचे आता चारच उरले, हे ती विसरली. तिसऱ्याची रीत अगदी बरोबर आहे, फक्त बारातून आठ मोजताना एकाची गफलत झाली. पहिलीला दशक-एकक पुन्हा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसरीला एक खूण करायची सवय लावली तरी पुष्कळ. तिसऱ्याला शिकवण्यासारखे काही नाही, थोडा सराव पुरे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या चुकांची अशी बारकाईने उकल केली. मुलांच्या कितीतरी चुका निष्काळजीपणाच्या नसतात, चुकीचा नियम नेमाने पाळल्यामुळे होतात, हे त्यांनी दाखवले.

हे चांगल्या शिक्षकाला कळत नाही असे मुळीच नाही. पण वर्गात पन्नास वह्या असतात आणि हातात एक तास. गेल्या आठवड्यात आपण पाहिले, की अ‍ॅडॅप्टिव्ह सॉफ्टवेअर मुलाच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडते. निवडता निवडता ते नोंदीही ठेवते: काय उत्तर दिले, किती वेळात, कितव्या प्रयत्नात, किती सूचना मागून. मागे पडलेल्या मुलाच्या दृष्टीने या नोंदींचे मोल पुढच्या प्रश्नाहून जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या नोंदींवरून अंदाज बांधण्याची एक जुनी आणि अजूनही वापरात असलेली रीत अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन यांनी १९९५ मध्ये मांडली. प्रत्येक कौशल्यासाठी ती चार शक्यता धरते: मुलाला हे आधीच येत होते, एका सरावातून ते शिकले, येत नसताना उत्तर नशिबाने बरोबर आले, आणि येत असूनही चुकले. प्रत्येक उत्तरानंतर ‘आता याला हे येते’ हा अंदाज वर किंवा खाली सरकतो. एका चुकीवरून मुलाला कच्चे ठरवायचे नाही आणि एका बरोबर उत्तरावरून पक्केही नाही, हा शहाणपणा त्या गणितात मुरलेला आहे.

पण खरी कसोटी पुढे आहे. काही मुले तोच प्रकार दहा-दहा वेळा सोडवतात आणि तरी पुढे सरकत नाहीत. चिखलात रुतलेल्या गाडीचे चाक जागच्या जागी फिरावे, तसे. जोसेफ बेक आणि यू गाँग यांनी २०१३ मध्ये या अवस्थेचा अभ्यास मांडला आणि तिला नावही चाकाचेच दिले. अशा मुलापुढे सॉफ्टवेअर अकरावे गणित ठेवते, मग बारावे. मूल कंटाळते, भराभर सूचना मागत शेवटच्या सूचनेपर्यंत जाते, कारण तिथे उत्तरच दिलेले असते. ते टाइप केले की पडद्यावर ‘बरोबर’! रायन बेकर यांनी २००४ मध्ये अशा मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा ती इतरांपेक्षा कमी शिकत असल्याचे आढळले. म्हणून अहवालात ‘सराव पूर्ण’ दिसले, तरी त्यातल्या किती उत्तरांआधी शेवटची सूचना उघडली होती, हे बघितलेच पाहिजे. सलग दहा प्रयत्न फुकट गेले असतील, तर अकराव्या गणिताची गरज नाही. तिथे माणसाने शेजारी बसायला हवे.

अशा सॉफ्टवेअरचा उपयोग किती होतो? दिल्लीचे उदाहरण आपल्याला सगळ्यात जवळचे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी सरकारी माध्यमिक शाळांतल्या ६१९ मुलांवर ‘माइंडस्पार्क’ या सॉफ्टवेअरचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. शाळेव्यतिरिक्त माइंडस्पार्क केंद्रात दीड तास, त्यातला निम्मा वेळ संगणकावर आणि निम्मा लहान गटात शिक्षकाबरोबर. सुरुवातीच्या चाचणीतच लक्षात आले, की सहावीतले सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे आहे आणि नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर जाते. ज्यांना हे केंद्र मिळाले नाही, त्यांच्यातल्या तळच्या तिसऱ्या हिश्शातल्या मुलांची प्रयोगाच्या काळात जवळजवळ काहीच प्रगती झाली नाही. नववीचे पुस्तक पाचवीच्या पातळीवरच्या मुलापुढे वर्षभर उघडे होते, एवढेच. केंद्रात गेलेल्यांची प्रगती साडेचार महिन्यांत ठळकपणे दिसली. मात्र शाळेच्या गणिताच्या परीक्षेत तसा फरक दिसला नाही, कारण परीक्षा इयत्तेची होती आणि मुले शिकत होती त्यांच्या खऱ्या पातळीचे. याला मी अपयश म्हणणार नाही. दोन-तीन इयत्तांचे राहिलेले काम एका सत्रात परीक्षेत उमटत नाही, हे पालकांना आणि अधिकाऱ्यांना आधीच सांगून ठेवले पाहिजे.

इयत्तेऐवजी पातळी बघा, हे मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने संगणकाशिवायच सांगितले होते. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या साध्या कागदावरही दोन अंकी हातच्याची वजाबाकी असते. ती येते की नाही, हे तो कागद सांगतो. २६ लिहिले की २४, ही पुढची पायरी.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे ४३ शाळांत सातवीच्या गणिताचा गृहपाठ ‘असिस्टमेंट्स’ या प्रणालीवर दिला गेला. मुलांना लगेच बरोबर-चूक कळत होते आणि शिक्षकाला वर्गाआधी अहवाल मिळत होता: कोणते गणित बहुतेकांचे चुकले, कोणते चुकीचे उत्तर सर्वाधिक आले. शिक्षकांनी सगळा गृहपाठ फळ्यावर उतरवण्याऐवजी नेमक्या त्याच गणितांवर वेळ दिला. फायदा सर्वांना झाला. आधी मागे असलेल्यांना अधिक.

दोन धोके मात्र आहेत. घरात एकच फोन असेल, नेटवर्क अडखळत असेल, तर ‘उत्तराला लागलेला वेळ’ मुलाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय ‘कच्चा’ हा शिक्का यंत्रातून आला की तो जास्त खरा वाटतो आणि पुढच्या इयत्तेच्या शिक्षकापर्यंत पोचतो. या नोंदी दर आठवड्याला जुन्या होतात, हे विसरता कामा नये. त्या कुणाच्या हाती जातात, हाही प्रश्न आहेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. या कायद्याविषयी पुढच्या लेखांकात सविस्तर लिहीन.

तोवर मुख्याध्यापकांना एक कळकळीची विनंती. सॉफ्टवेअर घेतलेच असेल, तर शिक्षकांच्या वेळापत्रकात आठवड्यातून एक तासिका फक्त हे अहवाल वाचण्यासाठी मोकळी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चार-पाच मुलांना वेगळे घेऊन बसायला त्यांना मुभा द्या. पालकांनीही येत्या सभेत ‘किती टक्के?’ विचारण्याऐवजी ‘माझे मूल कशात अडते आहे आणि त्यासाठी या आठवड्यात काय केले?’ असे विचारावे.