मुलाचा ताबा कोणाकडे? मानसशास्त्रज्ञ नेमकं काय तपासतो

समजा, बारामतीच्या कोर्टात मुलाच्या ताब्याचा वाद चालू आहे. वडील बारामतीत, आई माहेरी इंदापूर तालुक्यात. आईने समुपदेशकाचा अहवाल जोडलाय: मूल वडिलांना घाबरतं. पण हा समुपदेशक वडिलांना भेटलेलाच नाही! मग हे स्वतंत्र मूल्यमापन नव्हे. एका बाजूचं म्हणणं लेटरहेडवर आलंय, इतकंच. भीती खरी असूही शकते, म्हणून तर नीट तपासायची.

स्वतंत्र तपासणीत दोघा पालकांच्या वेगवेगळ्या मुलाखती होतात, प्रत्येकाबरोबर मूल कसं वागतं ते पाहिलं जातं, शाळेत विचारलं जातं. मुलावर उपचार करणाऱ्यानेच हे काम करू नये. तो आधीच कोणाच्या तरी विश्वासातला असतो.

१८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ नुसार कोर्ट मुलाचं हित बघतं. मूल समजूतदार असेल तर त्याची पसंतीही विचारात घेऊ शकतं. इथेच खरी गोची आहे. २०१७ च्या एका प्रकरणात मुलगी वडिलांकडेच राहायचं म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने तिला आईकडे दिलं, कारण एकवीस महिन्यांची असल्यापासून ती आईजवळ राहिलीच नव्हती. तुलना कशाशी करणार?

तेव्हा मुलाखतीत ‘कोण आवडतं?’ असं विचारू नका. शाळेतून आल्यावर जेवायला कोण वाढतं, रात्री ताप आला तर कोणाला हाक मारतोस, हे विचारा.

आणि प्रबंधात नुसती नावं बदलून भागत नाही. गाव, साखर कारखान्यातली नोकरी, दोन मुली, एवढ्यावरून इंदापुरात कोणीही घर ओळखेल.