ऑक्सिमीटर ९६ दाखवतो, मग हातपाय का दुखतात?

तुमच्या मुलाला सिकलसेल आजार आहे. हातपाय असह्य दुखतायत म्हणून तो रडतोय, पण बोटाला लावलेलं मशीन ९६ दाखवतंय. मग ऑक्सिजन कमी पडतोय असं डॉक्टर का म्हणतात?

मशीन इतकंच सांगतं की रक्तात जे हिमोग्लोबिन आहे, त्याच्या किती टक्के भागाला ऑक्सिजन चिकटलेला आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्याला कळत नाही. हिमोग्लोबिन १४ असेल तर १०० मिली रक्तात साधारण १९ मिली ऑक्सिजन मावतो. ७ असेल तर त्याच्या निम्माच. मशीनवरचा आकडा मात्र दोघांचाही ९८ असू शकतो.

शिवाय ऑक्सिजन नुसता वाहून नेऊन भागत नाही, तो सोडावाही लागतो. काम करणारा स्नायू गरम होतो, त्यात कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल वाढतं. तिथे हिमोग्लोबिनची पकड सैल होते आणि ऑक्सिजन सुटतो. ज्याला जास्त गरज, त्याला जास्त, अशी ही सुंदर सोय आहे.

सिकलसेलमध्ये घोटाळा नेमका इथेच होतो. ऑक्सिजन सोडल्यावर हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून त्याचे कडक धागे बनतात. मऊ, गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि मागचं रक्त अडवते. पुढच्या हाडाला ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते दुखतं. हे दुखणं खरं असतं. मूल नाटक करत नाही. या पेशी १२० दिवसांऐवजी १० ते २० दिवसच टिकतात, त्यामुळे हिमोग्लोबिनही कमी राहतं.

शरीरातलं पाणी कमी झालं, ताप आला किंवा थंडी बाधली, की पेशी जास्त वाकतात. म्हणून धडगाव, अक्कलकुव्याकडच्या थंडीत मुलाला ऊबदार ठेवा. ऊसतोडीला सोबत नेत असाल, तर पाणी वरचेवर पाजा आणि गोळ्या बरोबर घ्या. हायड्रॉक्सीयुरिया सुरू असेल तर बरं वाटलं म्हणून मनानेच बंद करू नका. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊ नका. इथे कमतरता बहुधा लोहाची नसते.

ताप, छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, पोटात डावीकडे अचानक फुगणं, यांपैकी काहीही दिसलं तर मशीनवरचा आकडा चांगला आहे म्हणून थांबू नका. लगेच दवाखाना गाठा आणि मुलाला सिकलसेल आहे हे आधी सांगा.