बळींच्या आकड्यापलीकडचा गोलंदाज

2024-25च्या रणजी मोसमात विदर्भाच्या हर्ष दुबेने 69 बळी घेऊन बिहारच्या आशुतोष अमनचा 68 बळींचा विक्रम मोडला. वऱ्हाडाला अभिमान वाटणारच; पण अमनचे बळी दुबळ्या संघांच्या प्लेट गटातले, अवघ्या 6.48च्या सरासरीने, तर दुबेची सरासरी 17च्या आसपास. मग मोठा कोण? दोन्ही मापं तोकडीच. खरा हिशेब असा: समोरचा संघ मोसमभर एका विकेटमागे किती धावा करतो आणि या गोलंदाजाने त्याला किती धावांत बाद केलं? पस्तीसवाल्यांना विशीत गुंडाळणं हे पंधरावाल्यांना बारात गुंडाळण्यापेक्षा वरचढ. खेळपट्टीचं काय, असं कुणी विचारेल. त्याच सामन्यातल्या इतर गोलंदाजांशी तुलना केली की तिचाही हिशेब बराचसा लागतो.